पलीकडून येणारं ‘जेवलीस का’

मंगळवारी कचेरी उघडल्यावर नागपूरहून फोन आला. कुसुमताई सकाळी वारल्या. मी फोन ठेवला आणि मशीन सुरू केलं.

त्याला आता काही आठवडे झाले. आमचा मोठा कॉम्प्युटर नागपूरच्या कचेरीत. तो कुसुमताई सांभाळत. उमरेडच्या शाखेत माझ्यासमोर नुसता पडदा आणि कीबोर्ड. मधे टेलिफोनची तार, तारेच्या दोन्ही टोकांना दिवे असलेली एकेक पेटी, मॉडेम. बदली होऊन मी उमरेडला एकटी राहायला आले होते, खोलीवर गेल्यावर बोलायला कोणी नसे. लाइन लागली का हे पाहायला नागपूरहून एखादा शब्द पाठवत. बाकीच्या शाखांना ‘टेस्ट’ जाई. मला कुसुमताई इंग्रजी अक्षरांत ‘जेवलीस का’ असं पाठवायच्या. माझं ‘हो’ पोचलं की लाइन ठीक. एकदा ‘हो’ पाठवल्याबरोबर फोन वाजला. “खोटं काहून बोलून राहिली वं? इतक्या लवकर उत्तर आलं, म्हणजे डबा उघडलाच नाही तू.” खरंच उघडला नव्हता…

एका उन्हाळ्यात लाइन रोज दुपारी तुटायला लागली. फोनवर त्या सांगत, मी इकडे तपासत असे. प्लग, केबलचे स्क्रू, दिवे. मग मॉडेमची जाणारी आणि येणारी तार एकमेकींना जोडायची, म्हणजे मी लिहिलेलं माझ्याच पडद्यावर परत यावं. “आधी आपलं आपल्याले ऐकू येते का पाह्य. मग तारेले शिव्या दे.” सकाळी सगळं परत येई. टेलिफोनवाले तार तपासून गेले, तारही चांगली. शेवटी आमच्या शाखेचे साहेब म्हणाले, हे मशीन परत पाठवू, उमरेडचं काम पूर्वीसारखं कागदावर करू. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दुपारी लाइन तुटली तशी मी फोन लावला. बोलता बोलता ताई थांबल्या.

“मालू, हा पाण्याचा आवाज कशाचा येऊन राहिला?”

“कूलरचा, ताई.”

“केव्हा लावला?”

“आत्ताच. दुपारी लावतोच ना.”

“बंद कर.”

मी बटण बंद केलं. मॉडेमचा दिवा स्थिर झाला. कूलर आणि मॉडेम, दोन्ही विजेच्या एकाच बोर्डावर होते; कूलर लागला की मॉडेमची वीज डळमळे. “साहेबाले विचार, थंडी हवा पाह्यजे का हिशोब,” म्हणून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. वेगळा बोर्ड बसेपर्यंत मी पदराने घाम पुसत काम केलं. मशीन राहिलं.

पुढे एकदा नागपूरला गेले. चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या एसी लावलेल्या खोलीत पाऊल ठेवलं, तर भर मे महिन्यात कुसुमताई तपकिरी स्वेटर घालून बसलेल्या. “माह्याकडं थंडी वाजते, तुह्याकडं भाजते. अर्धं अर्धं वाटून घेता आलं असतं तर…” आमची समोरासमोर भेट तेवढीच.

आता पलीकडून ‘टेस्ट’ येतं. मी ‘हो’ लिहिते. तिकडच्या नव्या गृहस्थांनी फोन करून विचारलं, हे ‘हो’ कशाचं? मी म्हटलं, इकडची पद्धत आहे. ते ‘हो’ खोटं होऊ नये म्हणून लाइन लावण्याआधी डबा खाऊन घेते.