आर्डिसबाईंची रांग

अमेरिकेच्या थंड उत्तरेत, होल्म्बीहून व्हेलनला जाणाऱ्या रस्त्यावर पंचावन्नची पाटी आहे. ताशी पंचावन्न मैल. ती पाटी खरी मानणारं माणूस त्या अख्ख्या पट्ट्यात एकच, आर्डिस टॉलेफसन. बाकीच्यांचा कायदा निराळा. इथला पोलीस, डेप्युटी ड्वेन ब्रेके, चौसष्टपर्यंत कुणाला हटकत नाही हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. म्हणजे खरी मर्यादा चौसष्ट, आणि पंचावन्न हा आर्डिसबाईंचा हट्ट.

बाईंचा काटा छप्पनवर गेला तर त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. उभा जन्म शाळेची बस चालवलेली बाई, हाडात मुरलेलं जाणार कुठे? रेल्वेच्या रुळांपाशी तर त्या गाडी पूर्ण थांबवत, काच खाली करत आणि आगगाडीची चाहूल घेत. बसचं दार उघडून असंच ऐकायचा नियम होता, आणि तेवढा वेळ पोरांनी चिडीचूप बसायचं. मागे कुणी खुसपुसलं की बाई मान न वळवता ओरडत, "व्हर्न, मला आरशात सगळं दिसतं!" आता त्या रुळांवरून आगगाडी जात नाही, मधे गुडघाभर गवत वाढलंय. तरी बाई थांबणार म्हणजे थांबणारच, भर जानेवारीतसुद्धा. मागे ही लांबलचक रांग. रांगेतले निम्मे त्यांच्याच बसमधून शाळेत गेलेले. ते मनातल्या मनात शिव्या घालत, पण हॉर्न? आर्डिसबाईंवर हॉर्न वाजवायची छाती कुणाची होती!

हॉर्न वाजवला तो बाहेरगावच्या कुणीतरी. तेवढ्यावर न थांबता पठ्ठ्याने तक्रारही ठोकली की म्हातारी वाहतूक अडवते. लायसन्स ऑफिसातून फर्मान आलं, मंगळवारी गाडी चालवून दाखवा. बाकीच्या वाहतुकीबरोबर चालवता आली नाही, तर लायसन्स जमा.

बाई हादरल्या. लायसन्स गेलं तर ओरिनकडे जायचं कसं? अर्धांगवायू झालेला नवरा व्हेलनच्या शुश्रूषागृहात पडून होता. दुपारचं जेवण तो फक्त बायकोच्या हातून घ्यायचा. नर्सने चमचा पुढे केला की तोंड मिटून भिंतीकडे बघत राहायचा. आणि त्या मुलखात ना बस, ना टॅक्सी.

ड्वेन घरी आला. बूट दाराशी काढून, टोपी मांडीवर घेऊन बसला.

"बाई, एकच दिवस. मंगळवारपुरती साठवर न्या ना गाडी."

"आणि पाटी?"

"पाटीचं काय घेऊन बसलात! मी पोलीस असून सांगतोय."

"पोलीस म्हणे! तुझ्यामुळेच ही सगळी मोकाट सुटलीत. नऊ मैल माफ! कुणी सांगितलं रे तुला माफी वाटायला? दुसरीत चालत्या बसमध्ये उभा राहायचास, तेव्हा मी माफ केलं होतं?"

"नाही बाई."

"काय केलं होतं?"

"वर्षभर पुढच्या सीटवर बसवलं होतंत."

"मग!"

"अहो, पण ओरिनकाकांचं काय?"

बाई ओट्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाही रे जमत. पाय दाबतच नाही." आणि त्याच्यापुढे लेफ्साची, बटाट्याच्या पातळ पोळ्यांची, ताटली सरकवली. तो गेल्यावर मात्र ओट्याशी उभ्या राहून पोटभर रडल्या.

मंगळवारी शेजारी परीक्षक येऊन बसली, नातीच्या वयाची पोरगी. बाईंनी आरसा नीट केला, पट्टा ओढून पाहिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. पुढे दुधाचा टँकर होता. एरवी वाऱ्यासारखा पळणारा तो टँकर आज पंचावन्नवर चालला होता. मागे व्हर्नचा पिकअप, त्याच्यामागे आणखी गाड्या. कुणी ओलांडत नव्हतं, कुणी अंगावर येत नव्हतं. पुलाजवळ ड्वेन कधी नव्हे तो गाडीबाहेर, रडारचं यंत्र रोखून उभा.

"इथे सगळे इतक्या शिस्तीत चालवतात?" परीक्षकबाईंनी विचारलं.

बाईंना खोटं कुठलं बोलता यायला! "आज चालवताहेत खरे," त्या म्हणाल्या.

रूळ आले. पुढचा टँकर थांबला आणि त्याची काच खाली गेली. बाई थांबल्या, आपली काच खाली केली. हाडं गोठवणारा वारा आत शिरला. त्यांनी आरशात पाहिलं. मागे शेवटपर्यंत गाड्या उभ्या होत्या आणि एकेकाची काच खाली जात होती.

परीक्षकबाई काही बोलणार, तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! रुळांपाशी बोलायचं नाही."

पोरगी गप्प बसली. मग तिनेही आपली काच खाली केली. कुठलीच आगगाडी आली नाही. बाईंचे डोळे भरून आले, पण ब्रेकवरचा पाय हलला नाही.

लायसन्स राहिलं. दुपारी ओरिनला घास भरवताना त्यांनी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो अर्ध्या तोंडाने हसला. परतताना बाई आपल्या गावातल्या दुकानात शिरल्या. सगळी मंडळी कॉफी घेत बसली होती, ड्वेन अगदी पुढच्या खुर्चीवर. बाईंना बघताच शाळकरी पोरांसारखी चूप.

"ड्वेनने धमकीच दिली होती," कुणीतरी पुटपुटलं, "आज छप्पनलाही पावती फाडीन म्हणून."

बाईंना आभार मानायचे होते. ते काही तोंडातून निघेनात.

"व्हर्न," त्या म्हणाल्या.

"काय बाई?"

"काच अर्धीच खाली केली होतीस."

"अहो, थंडी केवढी होती!"

"मला आरशात सगळं दिसतं रे," बाई म्हणाल्या. ड्वेनने उठून आपली पुढची खुर्ची त्यांना दिली.