ताकात बुडवलेली पट्टी

आमच्या साडूभाऊंइतका चिकित्सक माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नाही. उद्या देव प्रसन्न झाला तरी ते आधी तीर्थात पट्टी बुडवतील आणि मगच वर मागतील. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासता तपासता ते निवृत्त झाले, पण आंबटपणा दाखवणाऱ्या रंगपट्ट्यांची गुंडाळी काही खिशातून निवृत्त झाली नाही. पंगतीत कढी आली की लोक ओरपतात, हे रंग बघतात. डॉक्टरनं "जीभ दाखवा" म्हटलं, तर यांनी जिभेला आधी पट्टी लावली आणि मग दोन्ही दाखवली.

माणसांचीही त्यांनी वाटणी करून टाकलेली. मला म्हणायचे, "पावणं, तुमी जोरदार आम्ल. पाण्यात पडलं की समदं सुटं, धरून ठेवनं न्हाई. मी ताकातलं. जरासं सुटतंय, बाकी आत."

"म्हणजे तुमच्यात माल कमी!"

"कावून कमी? दोघांत आंबट सारखंच भरलं असलं, तर ते मारायला खायचा सोडा दोघांनाबी तेवढाच लागतोय. माझं सावकाश सुटतंय, एवढंच."

साडूभाऊंच्या एकुलत्या लेकीला पाटोद्याचं स्थळ आलं. मुलगा तिच्या मनात भरलेला. आम्ही घर बघायला गेलो, मठ्ठा आला, आणि मी चिमटा काढेपर्यंत साडूभाऊंची पट्टी पेल्यात! मुलाची आई पदर खोचून उभी राहिली.

"आमच्या ताकात इख हाय का?"

भिंतीवरचं घड्याळसुद्धा दम धरून बसलं. पोरीचं स्थळ त्या पेल्यात बुडताना मला स्पष्ट दिसत होतं. साडूभाऊंनी पट्टी उजेडात धरली.

"न्हाई, ताई. लिंबू पिळून आंबट केलं असतं तर लाल झाली असती. ही नारिंगी हाय. ताक इमानदार हाय."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "घ्या, कढीबी आणते. तीबी बघा!"

सोयरीक जमली. पाठवणीला मी असा रडलो, की बँडवाल्यांनी ढोल उचलून कोरड्या जागी नेले. साडूभाऊ मात्र ठणठणीत. "निस्ता दगड हाय," आमच्या मेहुणीबाई म्हणाल्या.

त्याला वर्ष होत आलं. परवा कड्याला, साडूभाऊंच्या गावी गेलो. ताक आलं. पट्टी खिशातच राहिली. साडूभाऊंनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.

"धूर लई हाय," म्हणाले.

घरात गॅस, तोही बंद. मी रुमाल पुढे केला. माझं सगळं मांडवातच सुटून गेलं होतं. त्यांचं अजून थोडं थोडं सुटत होतं.