चॅनल तुझ्याकडं आहे

"दम धर, लाइन उघडू दे." काकू माईकचं बटण दाबायच्या, क्षणभर गप्प बसायच्या आणि मग बोलायच्या. घाई केली तर पहिला शब्द हवेतच राहतो, असं त्यांचं म्हणणं. जिन्यातही हीच सवय. समोर आल्या की आधी निवांत बघायच्या, मग विचारायच्या, "जेवलीस का?" तोवर माझ्यासारखी मुलगी दोन पायऱ्या उतरून गेलेली असायची.

चिकलठाण्याच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, एकट्या, हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी गप्पांच्या, नादी लागलेल्या. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल, ज्यांच्या गच्चीवरच्या अँटेनाला लोक हक्कानं दोरी बांधतात. काकू ओरडायच्या, "अगं, कपडे वाळवायचा खांब नाही तो!" आणि मग वाळलेले कपडे स्वतःच घड्या करून घरोघर पोचवायच्या.

गंगापूरला त्यांचा धाकटा भाऊ एकटा राहायचा. काचबिंदूनं त्याची नजर गेली होती. फोनवर तो "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचा. रेडिओवर मात्र एकानं बटण सोडेपर्यंत दुसऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही, त्यामुळे तिथं तो खरं काय ते सांगायचा.

मग शहर वाढलं. मध्ये उंच इमारती उठल्या आणि शहराच्या रिपीटरपर्यंत, म्हणजे दुबळा आवाज पकडून पुन्हा जोरानं सोडणाऱ्या यंत्रापर्यंत, त्याचा आवाज पोचेना. गंगापूरच्या हौशी मंडळींनी तिकडं लहान रिपीटर बसवला, पण तो गावापुरताच. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. टँकर आला की डोळ्यांनी दिसत नसताना हा माणूस पाणी भरतो कसं, काकूंना हाच घोर.

"तू कॉम्प्युटरवाली ना? दोन्ही रिपीटर इंटरनेटवरून जोड," त्या मला म्हणाल्या. "पण सॉफ्टवेअर आपल्याच घरात चालव. परक्याच्या भरवशावर नको. त्यानं उद्या दुकान बंद केलं की आपण मुके." परीक्षेला बसवून रेडिओचं लायसन्स त्यांनी मला आधीच काढायला लावलं होतं. ते घेऊन मी हवेवर एकदाही बोलले नव्हते.

माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर झाला. जोडणीच्या सकाळी मी माझ्या घरून कशीबशी माईकवर म्हणाले, "स्टँड बाय." आवाज फाटत होता, तो नीट केला आणि वाट बघत बसले. पडद्यावर गंगापूर जोडलेलं दिसत होतं, पण कुणीच बोलेना. चहा झाला, तारा तपासून झाल्या. शेवटी वर गेले.

काकू हातात माईक धरून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"काकू, बोला ना! जोडणी तुटली की काय?"

"तू थांबा म्हणालीस. थांबलो."

"अहो, पण तुमचे भाऊ तरी?"

"तोही थांबला असेल. चॅनल तुझ्याकडं आहे, पोरी. तू सोडल्याशिवाय आमच्यात कुणी बोलत नाही." मग हळूच म्हणाल्या, "असेल ना गं तो तिथं?"

मी माईक घेतला. "काम झालं. बोला. ओव्हर."

"किती येळ गं बाई!" खोलीभर आवाज घुमला. "ताई, हायेस का? तुझी पोरगी लई कडक दिसती. ओव्हर."

काकू हसल्या, पदरानं डोळे पुसले आणि भांडायलाच लागल्या. मग त्यानं सांगितलं, परवा पाण्याच्या टाकीपाशी पाय घसरला, मनगट सुजलंय, चूल पेटवली नाय.

"फोनवर का सांगितलं नाहीस? ओव्हर."

"फोनवर तू लगेच रडतीस. हितं बटण सोडंपर्यंत तुला ऐकावं लागतं. ओव्हर."

काकूंनी त्याच्या शेजाऱ्याला फोन लावला. संध्याकाळी डॉक्टरकडून निरोप आला, हाड शाबूत आहे. त्या दिवशी काकू माझ्याकडं जेवल्या आणि दोनदा वरण मागून घेतलं.

पुढं महिनाभरात त्यांनी सामान बांधलं आणि गंगापूरलाच गेल्या. वरच्या दाराला कुलूप आहे. जिना उतरताना आता मला कुणी अडवत नाही.

सकाळी मात्र फळीवरच्या स्पीकरमधून काकू येतात. "इकडं सगळं ठीक. टँकर येऊन गेला. यानं काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. ओव्हर."

त्यांचं बटण सुटायच्या आत मागून आवाज येतो, "तीन! खरं सांग की तिला!" आणि माईक ओढल्याची खरखर.