विहीणबाईंच्या वाटेवरचे पेंडीचे दिवे

आत्याच्या मळ्यात एका लग्नाला मी वाटेवर दिव्यांची आरास केली होती; ती चवीला चांगली होती म्हणे.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, पेडगावची. माझं गाव तिथून लांब, बालाघाटाच्या पल्याड. उर्दू चौथीत माझी गाडी कायमची रुतली (मौलवीसाब म्हणाले, "बेटा, तू खेतीच कर," आणि आमच्याकडं खेतीच नव्हती!), तेव्हा वडिलांनी मला गंगाआत्याकडं आणून सोडलं. आत्या आणि तिचे यजमान रंगनाथमामा मळ्यातच राहत. त्यांनी मला पोटच्या पोरासारखं ठेवलं, आणि हीच माझी मोठी पंचाईत होती. आत्यानं भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला की माझा घास घशात अडायचा. एवढं खाऊन आपण करतो काय? एक दिवस हे मामांच्या ध्यानात येईल, ते गाडी जुंपतील आणि मला गावी सोडून येतील!

म्हणून त्यांच्या दोन लेकींतल्या थोरल्या कौशीचं लग्न चारठाण्याला ठरलं, तेव्हा कुणी न सांगता मी निम्मी कामं अंगावर घेतली.

स्थळ सोन्यासारखं होतं. अडचण एकच, विहीणबाई. त्या रातांधळ्या होत्या. दिवस कलला की त्यांना दिसेनासं व्हायचं, पण तसं तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. थोरल्या मुलाच्या लग्नात त्या मुलीकडच्यांच्या अंगणात शेणाच्या खड्ड्यात पडल्या, वर आल्या, आणि तशाच गाडीत बसून सगळं वऱ्हाड माघारी घेऊन गेल्या होत्या! (ते लग्न पुढच्या साली झालं. खड्डा बुजवून.)

आता त्यांचा निरोप आला, "गाडीवाटंपासून मांडवापर्यंत उजेड पायजे. न्हाईतर आमी गाडीतून उतरणार न्हाई."

आमच्या मळ्यात गाडीवाटेपासून घरापर्यंत एक पायवाट होती. एका अंगाला मेथी, दुसऱ्या अंगाला वांगी. दोन्हीकडं चिखल. म्हणजे विहीणबाईंना पडायला जागाच जागा!

मामा डोक्याला हात लावून बसले. "घासलेट तर लढाईनं खाल्लं. कंदील दोनच, ते मांडवात लागतील. वाटंवर काय जाळू? मिशा?"

"मामा, रोशनीचा इंतजाम माझ्याकडं," मी म्हणालो. (हे कोण बोललं म्हणून मी स्वतःच मागं वळून पाहिलं.)

"केरबा, लेकरा, जमंल का तुला?" आत्यानं विचारलं.

"लय सोपं हाय, आत्या!"

जरा वेळानं कौशी हळदीचे हात सांभाळत गोठ्यापाशी आली. "केरबादादा, त्या पडल्या तर माझं लगीन पुढच्या सालावर जाईल रे."

"न्हाई पडत."

"नीट लाव बरं." एवढंच म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं. माझ्या पोटात खड्डा पडला. विहीणबाईंच्या खड्ड्यापेक्षा मोठा.

कुंभार तापानं पडलेला, त्यामुळं पणत्या नाहीत. कणकेचे दिवे करावेत तर लग्नाच्या पिठाला आत्या हात लावू देईना. आणि तेवढ्यात मला दिसली ती करडीची पेंड! गोठ्यात टोपलंभर भिजत घातलेली, मऊसूत. मी विचार केला (इथंच घात झाला), पेंड म्हणजे तेल काढून उरलेला चोथा. तिचं आणि तेलाचं जुनं नातं. ती तेल पिणार नाही, उलट मायेनं सांभाळील!

पेंड बैल खातात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज मीच चारत होतो! पण त्या दिवशी माझ्या लेखी ती चारा राहिलीच नव्हती. ती रोशनी झाली होती. मी दिवे वळत होतो तेव्हा मामांचे बैल दाव्याला हिसके देत सारखे हंबरत होते. मला वाटलं, लग्नघर आहे, आनंदात असतील.

दोरीनं मापून मी वाटेच्या दोन्ही कडांना दिवे मांडले. समोरासमोर, रेघ मारल्यासारखे. मामांनी येऊन पाहिलं. "वा रे पठ्ठ्या! काय रांग हाय!" मी आकाशात. तेल बेताचं होतं, म्हणून हलगी ऐकू आली की मगच दिवे पेटवायचे असं ठरलं.

दिवेलागणीला हलगी वाजली. मी पलिता घेऊन मांडवाकडून सुरुवात केली. हा पेटव, तो पेटव. मागं वळून पाहिलं तर वाट अशी झळकत होती की माझे मलाच हात जोडावेसे वाटले. पुढं पाहिलं तर गाडीवाटेवर थांबायची ती पहिली गाडी, खुद्द विहीणबाईंची, पायवाटेनं सरळ माझ्याकडं येत होती!

"अरं थांबीव की!" मामा ओरडले.

"थांबतंय कुठं मालक!" गाडीवान कासरा ओढत ओरडला. "चारठाण्यापासनं नुसत्या कडब्यावर हाईत! हितं पंगत मांडली कुनी?"

उजव्या बैलाला उजवी रांग, डाव्याला डावी! अंतर मी दोरीनं मापलेलं, त्यामुळं दोन्ही मुंडकी एकदम खाली जायची, दोन्ही तोंडं एकदम चघळायची आणि दोन्ही बैल एकदम पुढं सरकायचे. इतकी एका चालीनं ती जोडी जन्मात चालली नसेल. एक चाक मेथीत, एक चाक वांग्यांत. मी इकडून पेटवायलोय, ते तिकडून संपवायलेत! मधोमध आमची गाठ पडली. बैलानं पेटत्या दिव्यावर फुर्रकन श्वास सोडला. अंधार. मग चघळण्याचा आवाज.

"हाड! हाड!" मी किंचाळलो.

"हाड काय म्हणायलास!" मांडवातून आत्या. "विहीणबाई बसल्यात गाडीत!"

मग मी उलट्या पावलांनी मागं सरकत, एका हातात पलिता धरून, वाकून वाकून दिवे उचलायला लागलो. एक उचलायचो तोवर दुसरा गेलेला असायचा. असं करत गाडी थेट मांडवाच्या दारात आली, शेवटची जोडी खाऊन झाली आणि बैल आपोआप उभे राहिले.

सगळे श्वास धरून उभे. विहीणबाईंनी गाडीतून पाय खाली टाकला. तो नेमका पायघडीवर पडला!

त्या ताठ उभ्या राहिल्या. "असा मान आजवर कुनी केला न्हाई," त्या म्हणाल्या. "एक पाऊल चालू दिलं न्हाई मला. म्होरं मशालजी, वाकून वाकून मुजरा करायलाय! आन बैलांसनी सुदिक दोन्ही अंगानं पेंड!" त्यांनी नाकानं वास घेतला. "करडीची हाय."

मामांनी पापणीही लववली नाही. "आमच्याकडं पद्धतच हाय तशी, विहीणबाई!"

अक्षता पडल्या तेव्हा मी गोठ्यामागं होतो. आत्या ताट घेऊन शोधत आली. "केरबा, हितं काय करायलास?"

"आत्या, मेथी गेली. वांगी गेली."

"मेथी काय, उगवंल पुन्हा. कौशी बघ जा, बोहल्यावर हसू आवरंना तिला."

"मग... गाडी कवा जुंपायची?"

"कशाची गाडी?"

"मला गावी सोडायला."

आत्यानं माझ्या भातावर तुपाची वाटी उपडी केली. "खुळा हायस का? धाकलीच्या लग्नात दिवे कोण लावंल मग? फकस्त त्या बारीला वांग्यांपासून जरा लांब लाव."

त्या दिवशी पहिल्यांदाच माझा घास घशात अडला नाही.

मामांनी थाप मारली खरी, पण आमच्या गोतात तेव्हापासून ती पद्धतच पडली. लग्न निघालं की मला मानानं बोलावणं येतं. पेंड भिजवून ठेवलेली असते, मापाची दोरी तयार असते, म्हातारेकोतारे म्हणतात, "दिवे केरबाच्याच हातचे पायजेत!" फक्त, इतक्या लग्नांत तेल आणि वात किती लागेल, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही!