डब्यातली मासळी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला, की मला वसईतला तो कारखाना आणि पत्र्याखालची तापलेली दुपार आठवते. मी तिथे नुकतीच मॅनेजर झाले होते. पॅकिंगच्या बायका बहुतेक कोळीवाड्यातल्या. दुपारी त्यांनी जेवणाचे डबे उघडले की सुक्या मासळीचा वास थेट मालकांच्या केबिनपर्यंत जाई. एक दिवस मालकांनी मला बोलावलं. “माल बघायला येणारी गिऱ्हाइकं नाक मुरडतात. उद्यापासून डब्यात मासळी बंद. बायकांना सांगा.” “मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “मग तुम्हाला मॅनेजर कशाला केलं?” “काम करून घ्यायला. डबे हुंगायला नाही.” मी तशीच बाहेर आले आणि बायकांमध्ये जेवायला बसले. केबिनचं दार उघडंच होतं, सगळं ऐकलेली एक वयस्कर बाई कुजबुजली, “बाय, आमच्यापायी नोकरी जाईल ना तुजी!” “जाऊ दे,” म्हणत मी तिच्या डब्यातला बोंबील उचलला. मालक दारात आले, बघत राहिले आणि परत फिरले. तो हुकूम पुन्हा कधी निघाला नाही. मॅनेजरने दोन्ही बाजू सांभाळाव्यात, असं म्हणतात. मी त्या दिवशी एक बाजू घेतली, आणि आजही घेते.