आरावरची जागा

माझ्या चुलत भावाचं वाईट व्हावं असं मला वर्षभर मनापासून वाटत होतं, आणि ते मी लपवलंही नाही. बायकोला सांगितलं, एकदा डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "राग चालेल, मीठ नको." मला हसू आलं नाही. मी बत्तीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत पीटीचा मास्तर होतो. माझ्या एका शिट्टीवर अख्खं मैदान टाचेवर वळायचं. असा माणूस एके दिवशी घराच्या जिन्यात नवव्या पायरीवर मटकन बसतो, इको करणारे "हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्के" म्हणतात, आणि त्यावर कडी म्हणून चुलत भाऊ त्याचा चारचौघांत तमाशा करतो. आजारपण मी नशिबाच्या नावावर टाकलं. तमाशाला मात्र नाव-गाव असलेला माणूस होता आणि तो अकोल्यात राहत होता.

डॉक्टरांनी चार-पाच गोळ्या दिल्या, पण त्यातली एक मुख्य. दमलेल्या हृदयाला ती दमानं चालायला लावते. ती एकदम पूर्ण देत नाहीत. आधी सव्वातीन मिलिग्रॅमची, दोन आठवड्यांनी सव्वासहाची, मग साडेबाराची, मग पंचवीसची, सकाळ-संध्याकाळ. डोस वाढला की काही दिवस आधीपेक्षा वाईट वाटेल, मग हळूहळू बरं वाटेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही. रोज सकाळी वजन करायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. आणि काही झालं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. मी मुंडी हलवली. पोरांनी माझ्यापुढे हलवलेल्या मुंड्या मी हजारो पाहिल्या होत्या, त्यांची किंमत मला ठाऊक होती.

वाईट वाटणं म्हणजे काय ते साडेबाराच्या गोळीनं दाखवलं. पावसाळ्यात वावरातून चालताना चपलेला काळी माती चिकटत जाते आणि दहा पावलांत पाय उचलवत नाही, तसे पाय झाले. हाताची बोटं गार पडू लागली. दात घासायला मी स्टूल घेऊन बसायचो. खाटेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ही अंधारी नवी नवी होती तेव्हाच आमच्या रोडग्यांचा रविवार आला.

आमचं वडिलोपार्जित वावर बार्शीटाकळीजवळ आहे. हिवाळ्यात कापसाची वेचणी उरकत आली की बांधावरच्या मारोतीला रोडग्यांचा नैवेद्य असतो आणि सगळं कुटुंब तिथेच जेवतं. जाड्या कणकेचे थराथरांचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांवर, भाजायचे, मग गरम राखेत पुरायचे, राख झटकून फोडायचे आणि वर तुपाची धार धरायची. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ऐकायला सोपं वाटतं. पण आर जास्त झाला तर रोडगा वरून जळतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून आमच्यात आरावर एकच माणूस बसतो. वडिलांनंतर ती जागा माझी होती. आरावर बसणाऱ्यानं नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हाही आमचाच नियम. वीस-बावीस वर्षं मी तो कधी मोडला नाही.

त्या रविवारीही मोडला नाही. सकाळची गोळी मात्र चुकवायची नव्हती, म्हणून ती घोटभर पाण्याबरोबर घेतली. पाणी म्हणजे काही जेवण नव्हे, मारोती एवढं समजून घेईल, असा मी हिशोब केला. मारोतीनं घेतलं असेल समजून. दोन तास उकिडवा बसून, तोंडावर धग घेत मी रोडगे फिरवले. मग "चला, ताटं मांडा," म्हणून नेहमीसारखा ताडकन उठलो. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी राखेच्या ढिगाऱ्यात आडवा होतो, कोपर भाजलं होतं, आणि माझ्या अंगाखाली सात-आठ रोडगे चेंदून गेले होते.

मला ओढून शेजारच्या बाभळीखाली निजवलं. चुलत भाऊ माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान. लहानपणी आम्ही एकाच ताटात जेवलेले. त्यानं माझ्या तोंडावर पाणी मारलं, माझ्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी बाहेर काढली आणि सगळ्यांना दाखवली. "हे पाहा. या गोयीनं माणूस खल्लास केला. धडधाकट गडी होता, आता तुह्यात काही नाई राह्यलं, भाऊ. फेकून दे हे." मग तो माझ्या जागेवर जाऊन बसला आणि उरलेले रोडगे त्यानं काढले. बरे झाले होते. लोकांनी ते आवडीनं खाल्ले. बाभळीखालून मी ते सगळं पाहत होतो.

घरी आल्यावर मी गोळी बंद केली. बायकोनं विचारलं, "तुमी डॉक्टरले विचारलं काय?" मी म्हणालो, विचारलं. साफ खोटं. पहिले दोन दिवस पायांतली माती उतरल्यासारखं वाटलं आणि भावाचं म्हणणं पटलंसुद्धा. चौथ्या दिवशी चप्पल घट्ट झाली. वजन केलंच नाही, कारण काटा काय सांगेल ते कळत होतं. सहाव्या दिवशी श्वास आत जाईना. उशा रचून बसलो तरी जाईना. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. अतिदक्षता विभागात चार दिवस नळ्या लावून पडलो आणि बायको बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

भाऊ भेटायला आला. शहाळं घेऊन आला. काचेबाहेर उभा राहून बायकोला म्हणाला, "मी तं आधीच सांगतलं होतं, वहिनी. गोयीनंच झालं हे." बायकोनं मला हे घरी आल्यावर सांगितलं. गोळी सोडल्यानं झालं होतं, आणि हा गोळीला दोष देत होता, शहाळं हातात धरून. मी तिथे उठून बसू शकलो असतो तर काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर ओरडले नाहीत. "पुन्हा सव्वातीनपासून," एवढंच म्हणाले. महिना-दीड महिन्यात चढलेल्या सगळ्या पायऱ्या मातीत गेल्या.

गोळी मी माझ्या हातानं बंद केली, हे मला कळतं. मी दूधपितं लेकरू नव्हतो. पण तो पुढे थांबला असता तर मी कदाचित सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं असतं. तो थांबला नाही. अकोल्यातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक साक्षगंधात त्यानं माझ्या पडण्याची नक्कल केली. आधी छाती काढून "ताटं मांडा" म्हणायचं, मग डोळे फिरवून खुर्चीवर कोसळायचं. लोक पोट धरून हसायचे. शेवटी तो म्हणायचा, "पीटीचा मास्तर रोडग्यावर झोपला." हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं आणि तिघांनाही सांगताना हसू आवरत नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं. पुढच्या हिवाळ्यात मी पंचवीसच्या गोळीवर असेन आणि आरावर मी बसेन. तिथून त्याला सगळ्यांसमोर जे सुनवायचं ते सुनवीन. लोक देवाचं नाव घेऊन गोळी गिळतात. मी भावाचं घेऊन गिळायचो, सकाळी पोळीबरोबर आणि रात्री भाकरीबरोबर. वजन कॅलेंडरवर लिहायचो. मीठ सोडलं, लोणच्याची बरणी दुसऱ्याच्या घरी पाठवली. व्यायामाच्या नावानं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो, आणि त्या चालण्यात त्याला सुनवायच्या भाषणाची तालीम करायचो.

सव्वातीनवर असताना हे भाषण मनातल्या मनात म्हटलं तरी छाती धाडधाड उडायची, कानशिलं तापायची. सव्वासहावर थोडी कमी. या खेपेला डॉक्टर घाई करत नव्हते. साडेबारावर पुन्हा पाय जड झाले, वजन दीड किलो वाढलं, मी फोन केला, त्यांनी लघवीची गोळी वाढवली आणि महिनाभर तिथेच थांबवलं. त्या महिन्यात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. राग तितकाच होता, तसूभरही उतरला नव्हता, पण छाती त्याला साथ देत नव्हती. मी मनात त्याला शिव्या मोजायचो आणि मनगटावर बोट ठेवलं की नाडी शांत, बासष्ट, साठ. आधी मला वाटलं या गोळीनं माझा रागसुद्धा काढून घेतला. मग कळलं की पूर्वी रागात मला धड बोलता यायचं नाही, तोंडाला फेस यायचा आणि नको ते निघून जायचं. आता भाषण रोज छोटं होत होतं. पंचवीसवर पोहोचलो तेव्हा ते अर्ध्या मिनिटाचं उरलं होतं.

अवंदा रोडग्याच्या रविवारी गाडीतून उतरलो तेव्हा भाऊ माझ्या जागेवर बसून गोवऱ्या रचत होता. मी त्याच्यासमोर पाट टाकला, डबा उघडला आणि ज्वारीची भाकर, मेथीची भाजी जेवायला लागलो. जेवण झाल्यावर मी गोळी घेतली.

"नैवेद्याच्या आधी जेवून राह्यला काय?" भाऊ म्हणाला. "मंग आरावर कोण बसन?"

"मी."

"उष्ट्या तोंडानं?"

मी आत्याकडे पाहिलं. आता आमच्या घरात तिच्याहून मोठं कुणी उरलेलं नाही, आणि नियम सांगणारीही तीच. तिनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मांगच्या खेपेले हा उपाशी बसला तं देवाले चेंदलेले रोडगे भेटले," ती म्हणाली. "अवंदा जेवून बसू दे. उठ तू तठून."

तो उठला. उठताना त्यानं अंगावरची गोवरीची भुकटी झटकली ती माझ्या अंगावर आली. उकिडवं न बसता घरून आणलेल्या बुटक्या स्टुलावर, बाभळीच्या बुंध्यालगत बसलो. दर पंधरा मिनिटांनी पाय हलवत होतो. उठायचं झालं की आधी बूड पुढे सरकवायचं, मग बाभळीला धरून उभं राहायचं, मग दहा अंक मोजायचे आणि नंतरच पाऊल टाकायचं. पोरांना मी जे झटक्यात करायला लावलं ते सगळं आता उलट, संथ. भाऊ लांबून बघत होता आणि माझ्या पडण्याची वाट पाहत होता, असं मी शपथेवर सांगू शकतो. रोडगे आतपर्यंत खुसखुशीत झाले. आत्यानं दुसरा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर तो कुटुंबातल्या नव्या जावयाला घेऊन बसला. मला ऐकू येईल अशा बेतानं त्यानं सुरू केलं, "मांगच्या साली आमचे मास्तर..." आणि छाती काढायला लागला.

मी बूड पुढे सरकवलं, बाभळीला धरलं, दहा मोजले आणि चालत त्याच्यापर्यंत गेलो. भाषण तयार होतं. पण मी बाही वर केली आणि मनगट त्याच्यापुढे धरलं.

"मोज."

"काय मोजू?"

"नाडी. पूर्ण मिनिट. मोठ्यानं."

पोरांची नाडी मी दहा सेकंद मोजून सहानं गुणायचो. पण तसं केलं की एक ठोका चुकला तर उत्तर सहानं चुकतं, आणि मला आज चूक नको होती. जावयानं मोबाईलवर मिनिट लावला. भावाला नाडी सापडेना. मी त्याचं बोट धरून जागेवर ठेवलं. तो मोजू लागला. चौतीस-पस्तीसला मागे कुणीतरी हसलं आणि त्याचा आकडा सुटला.

"पुन्हा," मी म्हणालो. "एकपासून."

दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. त्याचा हात घामेजला होता आणि आवाज बसत चालला होता. त्या मिनिटात मला फार मोठं काहीतरी वाटेल अशी माझी वर्षभराची समजूत होती. छाती भरून येईल, कानात रक्त उसळेल. ज्याच्या नावानं मी सातशेवर गोळ्या गिळल्या तो माझ्यासमोर खाली मान घालून अंक म्हणत होता, आणि माझं हृदय त्याच्यासाठी एक ठोकाही जास्त द्यायला तयार नव्हतं. थोडी चुटपुट लागली, नाही म्हणत नाही.

"साठ," तो म्हणाला.

सकाळी अमरावतीहून निघताना घरी मोजली होती. तेव्हाही साठच होती.

मी बाही खाली केली. "आता हे सांग," म्हणालो, "अकोल्यात, लग्नाले."