मिडलवेअर आणि म्हात्रेकाकांचं टेबल

सॉफ्टवेअरच्या धंद्यात काम टिकत नाही, किस्से टिकतात. जीव तोडून लिहिलेला प्रोग्रॅम दोन-तीन वर्षांत कुणीतरी काढून टाकतं, पण तेव्हा कोण कसं तोंडावर पडलं, ते बेलापूरच्या आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी अजून निघतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त किस्से मिडलवेअरने दिले. त्यातले बरेचसे माझ्यावरच आहेत, म्हणून मीच सांगितलेले बरे.

मिडलवेअर म्हणजे काय, असं नेरूळला आमच्या सोसायटीतल्या शेजारणीने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, एका घरात दोन भावांचं बोलणं बंद असतं, तेव्हा जी वहिनी दोघांचे निरोप इकडून तिकडे नेते, ती. शेजारीण म्हणाली, "म्हणजे सगळ्यांची बोलणी तिलाच!" तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

*

आमचा क्लायंट म्हणजे नावड्याजवळचा एक केमिकलचा कारखाना. तिथे दिवसभर टँकर येतात. गेटपास कागदावर हाताने लिहून मिळायचा. तो वेबसाइटवरून मिळावा, असं साहेबांच्या मनात आलं. साहेब म्हणजे तिथले मॅनेजर दळवी. आता वेबसाइट नवी, पण पासाला ज्यांचा होकार लागतो त्या वजनकाटा आणि लॅब यांचे प्रोग्रॅम जुने. त्यांना जोडायला मधे मिडलवेअर हवं. मी टीम लीड, मी बाजारातलं सगळ्यात मोठं निवडलं. उंदीर धरायला हत्ती आणला म्हणा ना.

पहिला निरोप पाठवायला आमच्या सौरभला चार दिवस लागले. सौरभ लातूरचा, हुशार आणि मनाला लावून घेणारा. निरोप गेला तेव्हा त्याने ऑफिसात पेढे वाटले. निरोपात फक्त एक शब्द होता, 'टेस्ट'.

दुपारी कारखान्याच्या गेटवरून फोन आला. पलीकडे म्हात्रेकाका होते. गेटवरचं टेबल तीस वर्षं त्यांच्याकडे. आवाज अगदी शांत.

"मॅडम, टेस्ट नावाच्या ड्रायव्हरचा पास आलाय, पन तो काय अजून आला नाय. मी जेवायला जाऊ का थांबू?"

चाचणीची जागा आणि खरी जागा वेगळी ठेवायची, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. पेढे आधीच संपले होते.

*

मिडलवेअरचा एक गुण असा की निरोपाची पोच आली नाही तर ते तोच निरोप पुन्हा पाठवतं. जाहिरातीत हे फार छान वाटतं. एकदा पोच वाटेत अडकली आणि गेटवरच्या प्रिंटरमधून एकाच टँकरचे सात पास बाहेर पडले. आम्ही इकडे घाबरून फोन केला, तर काकांनी सहा पास फाडून टाकले होते.

कोणता खरा ते कसं कळलं, असं सौरभने विचारलं. काका म्हणाले, "टँकर एक हाय ना? मंग पास पन एकच."

सौरभने दुसऱ्या दिवशी प्रत्येक निरोपाला स्वतःचा नंबर दिला आणि तोच नंबर पुन्हा आला तर बाद करायची सोय केली. याला इंग्रजीत एक जडजंबाळ शब्द आहे. मी तो इंटरव्ह्यूला येणाऱ्यांना विचारते आणि मनात काकांचं वाक्य म्हणते.

*

दळवीसाहेबांना सगळ्यात आवडला तो त्यांच्या केबिनमध्ये आम्ही लावलेला मोठा स्क्रीन. निरोप गेला की हिरवा दिवा. कारखान्यात पाहुणे आले की साहेब आधी स्क्रीन दाखवायचे, मग चहा.

आता खरं सांगते. तो हिरवा दिवा निरोप मिडलवेअरने स्वीकारल्याचा होता, पोचल्याचा नव्हे. पत्र पेटीत पडलं म्हणजे घरी पोचलं असं होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण क्लायंट खूश होता आणि मी गप्प बसले.

त्याचं फळ महिनाभरात मिळालं. एकही तक्रार नाही म्हटल्यावर साहेबांनी ठरवलं की गेटवरचं टेबल आता नको, म्हात्रेंना पिंपांच्या गोडाऊनमध्ये पाठवू. तिथे दिवसभर पावडर उडते. काकांना दमा. रिटायर व्हायला त्यांना अजून दीड वर्ष होतं.

*

म्हणून तक्रार का येत नाही ते बघायला एक दिवस मी स्वतः गेटवर जाऊन बसले. तेव्हा कळलं. लॅबचा जुना प्रोग्रॅम दिवसातून दोन-तीनदा थिजायचा. एरर नाही, काही नाही, नुसता गप्प. ज्यांनी तो लिहिला ते कधीच सोडून गेले होते, त्यामुळे त्याला हात लावायची सोय नव्हती. पाच मिनिटं पास आला नाही की काका उठायचे, लॅबच्या खिडकीशी जायचे, प्रोग्रॅम बंद करून चालू करायला लावायचे आणि परत येऊन बसायचे. आमचा 'एकही तक्रार नाही' तो हा.

आम्हाला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"पोरानं लय मेहनत केलीय. त्याचं नाव कशाला खराब करू?"

सौरभबद्दल बोलत होते. मला माझी लाज वाटली. मी तशीच उठून साहेबांकडे गेले आणि दिव्यासकट सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्क्रीनकडे बोट केलं. सगळे दिवे हिरवे होते.

*

महिनाअखेरीला साइन-ऑफ होता. काम पुरं झालं असं मान्य करून दोघांनी फॉर्मवर सह्या करायच्या. मी म्हटलं, सह्या गेटवरच करू, नवी पद्धत डोळ्यांनी बघत. साहेबांनी हौसेने स्क्रीन तिथे लावून घेतला. काकांना मी आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं की उद्या नुसतं बसायचं.

अकराच्या सुमाराला लॅबचा प्रोग्रॅम थिजला. स्क्रीन हिरवा. एक टँकर थांबला, मग दुसरा, मग पाचवा. काका दोनदा उठायला गेले आणि दोनदा माझ्याकडे बघून खाली बसले. त्यांची तगमग बघवत नव्हती. माझ्याबरोबर आलेल्या सौरभने मान खाली घातली. अर्ध्या तासात रांग रस्त्यावर गेली आणि हॉर्न सुरू झाले.

साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, खिडकीतून बाहेर बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे बघितलं.

"म्हात्रे, अहो बसलाय काय?"

"मॅडमनी सांगितलंय साहेब. आज मी हितं नाय असं समजायचं."

साहेब हातानेच 'जा' म्हणाले. काका जवळजवळ धावतच गेले. ते परत येऊन बसेपर्यंत पहिला टँकर हलला होता.

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. त्यात 'माणसाने करायची कामं' असा एक रकाना होता आणि त्यात त्यांनी स्वतःच शून्य लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं. पेन तसंच धरून ते टेबलाकडे वळले.

"म्हात्रे, तुमचं पूर्ण नाव काय हो?"